एका आधारावर दोन वेली
वेलगुलाब आणि क्लेमॅटिस यांच्या जोडीची कहाणी



आपल्या कार्यक्रमात फुलबागेचा विषय निघाला की गुलाब हटकून येतो. झुडपी गुलाब आपल्या चांगला ओळखीचा आहे. हार, गुच्छ आणि बाजारपेठेसाठी तो कसा लावायचा यावर पुष्कळ बोलणे झाले आहे. या पत्रकात गुलाबाच्या दुसऱ्या एका जातीचा इतिहास दिला आहे. हा गुलाब भिंतीवर, कमानीवर, मांडवावर चढवतात. इंग्लंडच्या बागांत त्याच्याच अंगावर क्लेमॅटिस नावाची दुसरी वेल सोडायची पद्धत शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. खांब एक, वेली दोन आणि बहर दोन वेळा.

आता कोणी म्हणेल, विलायतेतल्या हौशी बागांशी आपल्याला काय करायचे? पण जोडपीक आपल्याला काही नवे नाही. आपल्या पानमळ्यात नागवेल शेवरी, पांगारा, हादगा, शेवगा यांच्या अंगावर चढते. कोकणात आणि गोव्यात सुपारीवर मिरवेल सोडतात. तूर आणि बाजरी एका रानात घेताना कोण आधी निघेल आणि कोण मागे राहील याचा हिशोब आपण करतोच. गुलाब आणि क्लेमॅटिसच्या जोडीत हाच हिशोब आहे. शिवाय या कहाणीत एका रोगाने बुडवलेला धंदा आहे, चुकीच्या कारणाला दिलेला दोष आहे आणि झाडावर मालकी कोणाची हा प्रश्नही आहे. हे तिन्ही विषय आपल्या बांधापर्यंत येऊन पोचतात.

दोन वेलींची ओळख

वेलगुलाब ही खरे म्हणजे वेल नव्हेच. त्याला ताणे नाहीत आणि तो आधाराला पिळा घालत नाही. त्याच्या लांब काड्या आडव्यातिडव्या वाढतात आणि काटे मागे वळलेले असल्याने शेजारच्या झाडात अडकून राहतात. रानात त्याला तेवढे पुरते. बागेत मात्र द्राक्षाच्या काडीसारखे त्याला तारेवर बांधावे लागते.

क्लेमॅटिस चढते ती पानाच्या देठाने. देठ काटकीला किंवा सुतळीला लागला की त्याला वेटाळतो. जाड खांब त्याला धरता येत नाही, बारीक काटकी मात्र तो सहज धरतो. म्हणूनच गुलाबाचा फांदोरा क्लेमॅटिसला शिडीसारखा उपयोगी पडतो.

ही वेल अगदीच परकी समजू नका. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्याच्या अखेरीपासून पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांनी झाकलेल्या वेली दिसतात. त्यांना कुठे मोरवेल म्हणतात, कुठे रानजाई. त्या याच क्लेमॅटिस गणातल्या आहेत. फुले गळाली की बियांना पिसासारख्या शेपट्या येतात आणि बी वाऱ्यावर उडते. कलौंजी आणि बचनाग हीदेखील याच कुळातली झाडे. कुळाचा गुण असा, की रस अंगाला लागला तर चुरचुरतो, फोड येतात. जुन्या काळी फ्रान्समधले भिकारी लोकांना दया यावी म्हणून रानटी क्लेमॅटिसचा पाला अंगाला चोळून जखमा करून घेत. म्हणून वेलीला मराठी नाव असो की इंग्रजी, पाला हाताने चुरगळू नये आणि जनावरापुढे टाकू नये.

गुलाब वर कसा चढला

युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. उन्हाळ्याच्या तोंडी महिनाभर बहर, मग वर्षभर नुसता पाला. वारंवार फुलण्याचा गुण चीनच्या गुलाबांनी दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हे गुलाब जहाजांनी युरोपात गेले. कलकत्त्याची वनस्पती बाग १७८७ साली सुरू झाली होती आणि चीनकडून येणाऱ्या झाडांचा तो मोठा मुक्काम होता. त्यामुळे फ्रान्समध्ये कित्येक वर्षे या चिनी गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणत. माल एका गावचा आणि नाव वाटेतल्या बाजाराचे, असे आपल्याकडेही घडते.

आजच्या संशोधनाने यातली मेख उलगडली आहे. गुलाबात एक जनुक फुलोऱ्याला आवर घालते. ते धड असले की झाड एकदा फुलते आणि बाकीचा जोर काड्या वाढवण्यात घालते. चिनी गुलाबात या जनुकात बिघाड झालेला आहे. म्हणून ते सतत फुलते, पण ठेंगणे राहते. वाढ हवी की फूल, अशी ही ओढाताण आहे. उंच चढणारा आणि वारंवार फुलणारा गुलाब मिळवणे लोकांना इतकी वर्षे का जड गेले, ते यावरून कळते.

या कामातली पहिली मोठी पायरी एका भात पिकवणाऱ्याच्या बागेत चढली गेली. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन गावाजवळ जॉन चॅम्पनीज नावाचा भाताचा मोठा मळेवाला होता. ती शेती आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर चाले, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या बागेत चिनी गुलाब आणि उंच वाढणारा कस्तुरी गुलाब यांच्या संकरातून एक नवे झाड आले. त्याचा शेजारी फिलिप न्वाझेत याने त्याचे बी पेरले आणि निवडलेली रोपे पॅरिसला भावाकडे धाडली. त्यातून 'न्वाझेत' नावाचा वेलगुलाबांचा घराणाच उभा राहिला.

पुढे पूर्व आशियातल्या दोन रानगुलाबांनी भर घातली. एकाला झुपक्याने बारीक फुले येतात. त्याच्या वंशातला 'क्रिम्सन रॅम्बलर' हा तांबडा गुलाब जपानहून आला आणि १८९३ पासून इंग्लंडमध्ये विकला जाऊ लागला. दुसरा जमिनीवर सरपटणारा, चकचकीत पानांचा विचुरा गुलाब. १९०१ साली अमेरिकेत निघालेला 'डोरोथी पर्किन्स' त्याच्याच वंशातला. हे गुलाब एका हंगामात हातभर काय, दोन-दोन पुरुष काड्या टाकत. त्यामुळे स्टेशनांच्या कुंपणांपासून झोपड्यांच्या दारांपर्यंत ते पसरले.

या वंशावळीत आपल्या देशाचाही वाटा आहे. १८८२ साली मणिपूरच्या डोंगरात डॉ. जॉर्ज वॅट यांना झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारा, मोठ्या पिवळसर पांढऱ्या फुलांचा रानगुलाब आढळला. ज्यांना 'टी रोझ' म्हणतात त्या गुलाबांच्या पूर्वजांत या रानजातीचे रक्त आहे. उष्ण हवेत टिकणारे गुलाब काढण्यासाठी कोडाईकॅनालचे एम. एस. वीरराघवन यांनी याच मणिपुरी गुलाबाशी संकर केले. आपले थोर कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांचे नाव गव्हाच्या तांबेरा प्रतिकारक वाणांसाठी घेतले जाते. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. तेच डॉ. पाल गुलाबाचेही नामांकित पैदासकार होते. त्यांनी काढलेल्या वाणांत 'दिल्ली व्हाइट पर्ल' हा वेलगुलाबही आहे.

क्लेमॅटिसचा प्रवास आणि जॅकमन घराण्याची रोपवाटिका

इंग्लंडच्या रानात क्लेमॅटिसची एकच जात, बारीक मळकट पांढऱ्या फुलांची. बागेतली पहिली रंगीत क्लेमॅटिस दक्षिण युरोपातून १५६९ च्या सुमारास तिथे आली. तिचे नाव व्हिटिसेला. जांभळी, लहान, खाली मान घातलेली फुले आणि काटक वेल. पुढे दोनशे वर्षे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. या वेलीचे नाव ध्यानात ठेवा. कहाणीच्या शेवटी तीच उपयोगी पडणार आहे.

हिमालयातलीही एक वेल तिकडे गेली. गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांनी १८२७ चा उन्हाळा शिमल्यात काढला. त्यांच्या पत्नीला झाडाफुलांचा नाद होता. त्यांच्या खटपटीने पहाडातली मोंटाना ही पांढरी क्लेमॅटिस १८३१ मध्ये इंग्लंडच्या बागांत पोचली. वसंतात ती अख्खे घर झाकून टाकते.

पण लोकांना वेड लावले ते चीन आणि जपानच्या मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसने. झाडे जहाजावर वाळून जाऊ नयेत म्हणून त्या काळी काचेच्या बंद पेट्या निघाल्या होत्या. रॉबर्ट फॉर्च्यून हा माणूस त्याच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयाच्या मळ्यांसाठी भारतात आणत होता. त्यानेच १८५० च्या सुमारास चीनमधून लॅन्युजिनोसा नावाची क्लेमॅटिस इंग्लंडला पाठवली. तिची फुले बशीएवढी असत.

इंग्लंडमध्ये वोकिंग गावात जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. १८१० साली सुरू झालेली. घराण्यातल्या धाकट्या जॉर्ज जॅकमनने १८५८ साली, ऐन एकविशीत, या चिनी वेलीचा व्हिटिसेलाच्या वंशातल्या वेलींशी संकर केला. रोपे १८६२ मध्ये फुलली. त्यातल्या एका वेलीला गर्द जांभळी, मखमलीसारखी, तळहाताएवढी फुले आली आणि तीही शेकड्यांनी. १८६३ साली लंडनच्या प्रदर्शनात तिला पहिल्या प्रतीचे प्रशस्तिपत्र मिळाले. नाव पडले 'जॅकमनी'. आज दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ती जगभर विकली जाते.

त्यानंतर धंद्याला भरती आली. ज्याला त्याला मोठे फूल हवे. रोपवाटिकावाल्यांनी लॅन्युजिनोसाच्या रक्ताचे वाण शेकड्याने काढले. मोठ्या फुलाला मोठा भाव. आपल्याकडे एखाद्या वाणाची हवा झाली की सगळा शिवार त्याच वाणाने भरतो, तसेच झाले.

मर आली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मोठ्या फुलांच्या वेली मरू लागल्या. तऱ्हा अशी, की वेल जोमात आहे, कळ्या टचटचीत भरल्या आहेत, आणि एक-दोन दिवसांत शेंड्यापासून सगळी पाने माना टाकतात. देठ काळे पडतात. पाणी द्या, खत द्या, उपयोग नाही. गिऱ्हाईक एकदा नेईल, दुसऱ्यांदा नेईल, तिसऱ्यांदा हात जोडेल. बऱ्याच रोपवाटिकांनी क्लेमॅटिस सोडून दिली.

कारण काय, यावर वाद माजला. विल्यम रॉबिन्सन हे त्या काळचे वजनदार बागलेखक. त्यांनी दोष कलमांवर ठेवला. धंदेवाले रानटी क्लेमॅटिसच्या खुंटावर मोठ्या फुलांच्या वेलीचे कलम करीत. रॉबिन्सन यांचे म्हणणे, परक्या मुळावर वाढवलेली वेल टिकणार कशी? दाब कलमाने स्वतःच्या मुळावर वाढवा. सल्ला वाईट नव्हता, पण रोगाचे मूळ तिथे नव्हते. १९१५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या जिनीव्हा येथील कृषी प्रयोग केंद्रात ग्लॉयर या संशोधकाने दाखवून दिले की हे एका बुरशीचे काम आहे. ती पानावर आणि खोडाच्या पेऱ्यावर बसते, पेरे कुजवते आणि मग वरच्या वेलीला पाणी मिळत नाही. हा खुलासाही लगेच सर्वांना पटला नाही.

आपल्या तुरीवरचा मर रोग आणि हा रोग यांत फरक आहे, तो नीट समजून घ्या. तुरीचा मर जमिनीतून मुळावाटे शिरतो, म्हणून झाड कायमचे जाते. क्लेमॅटिसचा रोग बहुतेक वेळा जमिनीच्या वर, खोडाच्या पेऱ्यावर लागतो. मुळे जिवंत राहतात. म्हणूनच तिकडच्या अनुभवी माळ्यांनी एक युक्ती काढली. रोप लावताना मुळाचा गोळा जमिनीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खोल ठेवायचा, म्हणजे खोडाची एक-दोन पेरी मातीखाली जातात. वरची वेल मेली तर रोगट काडी निरोगी भागापर्यंत कापून जाळायची. मातीखालच्या पेऱ्यांतून नवे कोंब फुटतात. वेल कोमेजली म्हणजे दरवेळी बुरशीच असे मात्र नव्हे. मुळाशी ओल नसणे, गोगलगायीने बुंध्याची साल खाणे, काडी वाऱ्याने पिळवटणे, यांनीही वेल मान टाकते. निदान आधी, औषध नंतर, हा नियम तिथेही लागू आहे.

पुन्हा उभारी, आणि तीही जोडीने

रोगाने धंदा बसला, पण एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आली. लहान फुलांच्या जातींना, विशेषतः त्या जुन्या व्हिटिसेलाला आणि तिच्या संकरांना, हा रोग क्वचितच लागत होता. फ्रान्समध्ये लियों शहरातले फ्रांसिस्क मोरेल यांनी व्हिटिसेलाच्या रक्ताचे सुंदर वाण काढले होते. रॉबिन्सन यांनी ते आपल्या ग्रेव्हटाय येथील मळ्यात आणले. १९१२ साली त्यांनी क्लेमॅटिसवर छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे मुख्य माळी अर्नेस्ट मार्कहॅम यांनी १९३५ मध्ये दुसरे लिहिले. मालक लेखणीचा आणि माळी खुरप्याचा, पण पुस्तक दोघांचेही झाले, ही गोष्ट मला तरी फार मोलाची वाटते. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान पुष्कळदा छापलेच जात नाही.

रॉबिन्सन यांचा आणखी एक आग्रह होता. वेलीला रंगवलेल्या सांगाड्यावर एकटी टांगू नका, तिला झुडपांतून, झाडांतून मोकळी जाऊ द्या. रानात ती तशीच वाढते. गर्ट्रूड जेकिल या बागरचनाकार बाईंनीही झाडाच्या अंगाने वेल सोडण्याची हीच रीत वापरली. वेलगुलाब तर दारोदार होताच. गुलाबाच्या अंगावर क्लेमॅटिस सोडण्याची प्रथा अशी रुळली. पुढे व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती यांनी १९३० साली घेतलेली सिसिंगहर्स्टची बाग १९३८ पासून एक शिलिंग घेऊन लोकांना दाखवली जाऊ लागली. तिथले जुने गुलाब आणि वेली पाहून माणसे घरी जात आणि आपल्या दारी तसेच करून बघत. प्रात्यक्षिकाचा मळा म्हणतात तो हाच. हजार भाषणांपेक्षा असा एक मळा जास्त शिकवतो.

जोडी जमली ती कशामुळे

यात नुसती शोभा नाही, पाच गोष्टींचा मेळ आहे.

पहिली गोष्ट आधाराची. गुलाब आधी लावतात आणि दोन-तीन वर्षे त्याची चौकट बळकट होऊ देतात. मगच क्लेमॅटिस लावतात. पानमळ्यातही शेवरी-पांगारा आधी, नागवेल मागून.

दुसरी गोष्ट काळाची. एकदाच फुलणारा वेलगुलाब तिकडे जून-जुलैत फुलतो. व्हिटिसेला जुलै ते सप्टेंबर फुलते. एक उतरला की दुसरीचा बहर सुरू होतो. जागा रिकामी राहत नाही.

तिसरी गोष्ट मुळांची. क्लेमॅटिसला डोके उन्हात आणि पाय सावलीत हवेत. गुलाबाचा पाला तिच्या बुंध्यावर सावली धरतो. मात्र दोघांनाही भूक मोठी. म्हणून क्लेमॅटिस गुलाबाच्या बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब लावून काठीने त्याच्याकडे नेतात. खतपाणी एकाचे नव्हे, दोघांचे द्यावे लागते. दोन पिकांत एकाचे खत घालून दोन्हींचे उत्पन्न मागणारा तिथेही फसतो.

चौथी गोष्ट छाटणीची, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची. व्हिटिसेला आणि जॅकमनी नव्या फुटीवर फुलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची सगळी वाळकी वेल जमिनीपासून फूटभर ठेवून कापून काढतात. आपल्या द्राक्षबागायतदारांना खरड छाटणी माहीत आहे, तिच्याहूनही ही कडक. असे केले की गुलाब मोकळा होतो आणि त्याच सुमारास त्याची छाटणी-बांधणी करता येते. दोघांचे काम एका हंगामात उरकते. शिमल्याहून गेलेल्या मोंटानाचे तसे नाही. ती जुन्या काडीवर फुलते, दरवर्षी मुळापासून कापता येत नाही आणि वजनाने गुलाबाला दाबून टाकते. म्हणून गुलाबाच्या जोडीला तिला सहसा घेत नाहीत. दोन्ही वेली क्लेमॅटिसच, पण एक सोबतीण आणि दुसरी सवत.

पाचवी गोष्ट काडीच्या बांधणीची. वेलगुलाबाची काडी सरळ वर जाऊ दिली तर फुले फक्त शेंड्याला येतात. शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच काडी आडवी वाकवून बांधली की प्रत्येक डोळा फुटतो आणि काडीभर फुले येतात. सिसिंगहर्स्टला जॅक व्हास या मुख्य माळ्याने झुडपी गुलाबांच्याही काड्या वाकवून जमिनीत रोवलेल्या लवचीक काठ्यांच्या कमानींना बांधण्याची रीत आणली. द्राक्षाचे ओलांडे आडवे का धरतात, ते ज्याला कळले त्याला हे वेगळे सांगायला नको.

पहिले पेटंट एका वेलगुलाबाचे

आता कहाणीतला असा भाग, की जो प्रत्येक शेतकऱ्याने वाचावा.

अमेरिकेत डॉ. वॉल्टर व्हॅन फ्लीट यांनी विचुरा गुलाबाच्या वंशातून फिकट गुलाबी, मोठ्या फुलांचा वेलगुलाब काढला. १९१० साली तो त्यांच्याच नावाने विक्रीला आला. फूल सुरेख, पण वर्षातून एकदाच. पुढे त्याच वाणात एक झाड उन्हाळाभर फुलत असल्याचे न्यूजर्सी राज्यातल्या हेन्री बोसेनबर्ग यांच्या ध्यानात आले. तो आपोआप झालेला बदल होता. त्यात कोणी संकर केलेला नव्हता. या गुलाबाचे नाव 'न्यू डॉन'. १९३० साली अमेरिकेत झाडांना पेटंट देणारा कायदा झाला आणि १८ ऑगस्ट १९३१ रोजी त्या कायद्याखालचे पेटंट क्रमांक एक या 'न्यू डॉन'ला मिळाले. म्हणजे कलमाने वाढणारे एक झाड परवानगीवाचून दुसऱ्याने वाढवायचे नाही, असा हक्क प्रथमच लिहिला गेला. त्या कायद्यातून बियांवर वाढणारी पिके आणि बटाट्यासारखे कंद वगळलेले होते.

विचार करा. रानगुलाब पूर्व आशियाचा, संकर एका डॉक्टरचा, बदल निसर्गाचा आणि हक्क ज्याच्या डोळ्याला तो दिसला त्याचा. डोळसपणाला मोल मिळाले हे चांगलेच. पण त्याआधीच्या हातांचे काय?

आपल्याकडेही डोळस शेतकऱ्यांची उणीव नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजची सोनाका आणि सांगली जिल्ह्यात तासगाव भागातली तास-ए-गणेश ही द्राक्षे थॉमसन सीडलेसमधूनच बागायतदारांनी निवडून काढली. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या भातात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपून वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून 'एचएमटी' हे भात आले. ते कित्येक लाखांच्या ताटात गेले. पण नाव आणि मोबदला यांसाठी दादाजींना दीर्घकाळ झगडावे लागले. २०१८ साली ते गेले.

आपल्या देशाने २००१ साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, संरक्षित वाणाचेसुद्धा बी शेतकरी राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकूही शकतो. फक्त ते कंपनीच्या नावाच्या छापाने विकता येत नाही. दुसरी, शेतकऱ्याने काढलेले किंवा परंपरेने जपलेले वाण त्याच्या नावाने नोंदवता येते आणि त्या नोंदणीला फी पडत नाही. शेतात काही वेगळे दिसले तर त्या झाडाला खूण करा, तारीख लिहून ठेवा, कृषी विज्ञान केंद्राला कळवा. लिहिलेली नोंद हाच पुढे पुरावा होतो.

आपण काय घ्यावे

१) विलायती मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला थंड हवा लागते. सपाटीवरच्या आपल्या उन्हाळ्यात ती टिकणे कठीण. जाहिरातीतले चित्र पाहून महागडी रोपे मागवू नका.

२) वेलगुलाब आपल्याकडे कुंपणावर, कमानीवर येतो. काड्या आडव्या बांधा. खुंटावर डोळा भरलेले रोप असेल तर डोळ्याखालून येणारी फूट वेळच्या वेळी काढा, नाहीतर खुंटच माजतो.

३) जोडीला हलका वेल हवा असेल तर गोकर्णासारखा वेल पावसाळ्यात एका खांबावर लावून पाहावा. हंगाम संपला की तो कापून टाकता येतो. आधी एक खांब, पटले तर पुढे.

४) मोरवेल जोमदार आहे, गुलाबाला झाकून टाकील. ती झाडावर किंवा ताडमाड कुंपणावरच शोभते. रानातून मुळासकट उपटून आणू नये, बी गोळा करावे.

५) जोडीदार निवडताना तीन प्रश्न विचारा. दोघांची छाटणी एका वेळी होते का? एकाचे वजन दुसऱ्याला पेलते का? आणि एकाचा रोग दुसऱ्याला जातो का? क्लेमॅटिसची मर गुलाबाला लागत नाही आणि गुलाबाची भुरी किंवा काळे ठिपके क्लेमॅटिसला लागत नाहीत. जोडी टिकण्याचे हेही एक कारण आहे.

६) बाजारात एकाच वाणाची हवा असेल तेव्हा जुन्या काटक वाणाची चार झाडे तरी बांधाला राखा. मोठ्या फुलांच्या मागे लागलेला क्लेमॅटिसचा धंदा मरीने झोपला, तेव्हा तीनशे वर्षे कोपऱ्यात पडून असलेल्या व्हिटिसेलानेच तो पुन्हा उभा केला.

बंधुभगिनींनो, तुमच्या कुंपणावर, परसात, पानमळ्यात दोन वेलींची कोणती जोडी जमते आणि कोणती बिघडते, हे आम्हाला पोस्टकार्डावर जरूर कळवा. पुस्तकातल्या जोड्या इंग्लंडच्या हवेत ठरल्या. आपल्या हवेतल्या जोड्या आपणच ठरवायच्या आहेत.